बालीतले दोन कांदे

धंतोलीत डॉक्टरकडे जायचं होतं. हे गेल्यापासून एकटीच जाते. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. लू लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा टाकला आणि त्या वासासरशी बाली आठवलं.

मुलाने आम्हा दोघांना तिथल्या रिसॉर्टवर पाठवलं होतं. ज्वालामुखीची काळीभोर वाळू तव्यासारखी तापली होती. ह्यांनी हाफपँटच्या खिशातून नागपूरहून आणलेले दोन कांदे काढले आणि एक माझ्या हातावर ठेवला. मला हसू आवरेना.

"काहून हसतं वं? ऊन काय देश पाहून लागते?"

मग समुद्राकडे पाहत, मुठीत कांदे धरून आम्ही कितीतरी वेळ बसलो.

निघताना पर्समध्ये किल्ली शोधली, तर आत दोन कांदे होते. एक परत टोपलीत ठेवला.