चित्रपट : आमच्या घरचा

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं रजिस्टर पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. निळं कव्हर, आत प्रत्येक वर्षाची वेगळी पानं. अनुक्रमांक, वर्ग, प्रकार, गाणं, मिनिटं, कपडे, शेरा. शाळा शहराच्या टोकाला, हुडकेश्वरला आहे. मी रुजू झाले तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे तुरीचं शेत होतं. आता तिथे चार मजली इमारती आहेत, आणि मुलं इतकी वाढली आहेत की यादी केल्याशिवाय कार्यक्रम उभाच राहत नाही. यादी करणं मला जमतं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं.

नियमही माझाच. एकदा झालेलं गाणं तीन वर्षं पुन्हा घ्यायचं नाही. सुरुवातीला हा नियम सोपा होता. मग जुनी गाणी नव्या ठेक्यावर परत यायला लागली. मी कॉलेजात ज्या गाण्यावर नाचले होते तेच, मध्ये इंग्रजीत चार ओळी घातलेलं, एका वर्षी सातवीच्या फॉर्मवर आलं. शब्द तेच, चित्रपट वेगळा. हे रिपीट की नवं? दोन दिवस विचार करून मी ठरवलं, मुखडा तोच असेल तर रिपीट. एक आई वाद घालायला शाळेत आल्या. हे रिमेक आहे, जुनं गाणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मी रजिस्टर उघडून दाखवलं की हे गाणं दोन वर्षांपूर्वीच आपल्याकडे झालंय, आणि तेव्हाही ते रिमेकच होतं. त्या हसल्या आणि दुसरं गाणं लिहून देऊन गेल्या. तेही रिमेकच होतं, पण आमच्या शाळेत व्हायचं राहिलं होतं, म्हणून घेतलं.

सगळा दोष सिनेमावाल्यांचा आहे, असं तेव्हा माझं पक्कं मत होतं. त्यांना नवं सुचत नाही, म्हणून आमच्या मुलांना नवं मिळत नाही. स्टाफरूममध्ये मी हे अनेकदा बोलून दाखवलं आहे.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आठवीतल्या पाच मुली फॉर्म घेऊन आल्या. फॉर्म छापील असतो, मीच तयार केलेला. त्यांनी भरलं होतं ते असं. गाण्याचे नाव : कूलर. चित्रपट : आमच्या घरचा. पेन ड्राइव्ह : लागत नाही.

हे काय आहे, असं मी विचारलं.

"गाणं नाही आहे मॅडम याच्यात," त्यांच्यातली उंच मुलगी म्हणाली. "आम्हीच वाजवून राहिलो. ताटं, बादली, टिनाचा पत्रा. अन् तोंडानं कूलर."

तिने लगेच तोंडाने कूलर सुरू केला. ऑफिसातल्या बाईंनी वर बघितलं. मी तिला थांबवलं आणि समजावून सांगितलं की साउंडवाल्याला प्रत्येक आयटमचा ट्रॅक नंबर द्यावा लागतो, कार्यक्रमपत्रिकेत गाणं छापावं लागतं, रकाना असा भरून चालत नाही. फॉर्मवर लाल पेनाने 'अपूर्ण' लिहिलं आणि सोमवारपर्यंत गाणं द्या म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. सोमवारी फॉर्म आला. त्या वर्षी सगळीकडे वाजत असलेलं गाणं, चित्रपटाचं नाव, सोबत पेन ड्राइव्ह. सगळे रकाने भरलेले.

पुढच्या शनिवारी कपडे ठरवायला मी जुन्या शहरात, महाल भागात गेले. तिथे एका गल्लीत नाटकाचे आणि नाचाचे कपडे भाड्याने देणारं दुकान आहे. मी इतकी वर्षं तिथेच जाते. दुकानदार हल्ली शाळा विचारत नाहीत, वर्ग विचारत नाहीत. फक्त गाणं विचारतात. मी यादीतलं एकेक गाणं वाचत गेले आणि ते मागे न बघता हात घालून तो तो सेट काढत गेले. आठवीचा निळा सेट गुरुवारी दुसऱ्या शाळेत जाणार होता, धुऊन शनिवारी आमच्याकडे.

मी त्यांना विचारलं, वेगळं काही कोणीच मागत नाही का?

"काहून मागतील मॅडम? रीलमध्ये जे दिसते तेच पाहिजे सगळ्यायले. गाणं तेच, स्टेप तेच, कपडे तेच. पोट्टे तेवढे वेगळे."

मी हसले. घडी घालता घालता ते पुढे म्हणाले, "पहिले तुम्ही लय तंग करत होत्या. एका वर्षी बस कंडक्टरची टोपी मागितली. एका वर्षी पोत्याचे झगे शिवून मागितले. आता तुमचं काम सोपं झालं."

ते कौतुकाने बोलले होते. मला मात्र शाळेत पोचेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

रजिस्टर काढलं आणि मागे मागे गेले. कंडक्टरची टोपी सापडली. कोराडीहून आलेला एक मुलगा होता, वडील वीज केंद्रात. त्याने तिथल्या कॉलनीतून शहरात येणारी बस एकट्याने रंगमंचावर उभी केली होती. ड्रायव्हर, कंडक्टर, खिडकीला डोकं टेकून झोपलेला माणूस, सगळं तोच. पोत्याचे झगेही सापडले. टँकरची वाट बघणाऱ्या बायकांची नक्कल होती ती, पाचवीची. अशा नोंदी दर वर्षी दोन-तीन होत्या. मग एका वर्षापासून एकही नाही. त्या वर्षीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : यंदापासून छापील फॉर्म.

त्याआधी मुलं वर्गात येऊन काय करणार ते करून दाखवायची आणि मी लिहून घ्यायचे. फॉर्ममुळे माझे चार दिवस वाचले. चौथा रकाना गाण्याचे नाव, पाचवा चित्रपट. मी काहीही बंद केलं नव्हतं. रकाना ठेवला होता आणि मुलांनी तो भरला होता, वर्षानुवर्षं, शहाण्यासारखा.

सिनेमावाल्यांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण त्यांचं काय करायचं ते माझ्या हातात नव्हतं. फॉर्म मात्र होता.

मुलींचा कूलर घ्यायचाय, असं मी मुख्याध्यापिकांना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "पत्रिका छापायला गेली वं. आता कुठे घुसवतेस?" माझ्याकडे उत्तर तयार होतं. बक्षीस वितरणानंतर मी दर वर्षी सहा मिनिटं राखीव ठेवते, पाहुण्यांचं भाषण लांबलं तर असावीत म्हणून. ती सहा मिनिटं मी द्यायला तयार होते. भाषण लांबलं तर काय, असं त्यांनी विचारलं. पाहुण्यांना आधीच सांगीन म्हणाले, आणि सांगितलंही.

मुली व्हरांड्यात सराव करत होत्या. त्यांचा नाच चांगला बसत आला होता, हे मला मान्य करायला हवं. कूलर अजून येतो का, असं मी विचारलं.

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. येतो म्हणाल्या, पण फॉर्मचं काय? ते माझ्याकडे लागलं, मी म्हणाले. दोन्ही करता येणार नाही, एका गटाला एकच आयटम, तेव्हा निवडा. मग त्या खांबाआड गेल्या. मी घड्याळ बघत उभी राहिले. नाही म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. एकदा मीच त्यांना परत पाठवलं होतं.

"लोक हसतील ना," एक बुटकी मुलगी म्हणत होती. घरी नाचाचं सांगून झालंय, काकू व्हिडिओ काढायला येणार आहे, असं बरंच काही.

"हसू दे नं," उंच मुलगी म्हणाली. "हसायसाठीच तर आहे."

थोड्या वेळाने पाचही जणी पुढे आल्या. कूलर. मी तिथेच उभं राहून निळा सेट रद्द केला. दुकानदार फोनवर म्हणाले, टिनाचा पत्रा मात्र आपल्याकडे भेटणार नाही.

डिसेंबरातली दुपार होती, मैदानावर मंडप, मागच्या रांगांत स्वेटर घातलेल्या आज्या. मुली नेहमीच्या कपड्यांत आल्या आणि मे महिन्यातले दुपारचे दोन सुरू झाले. बादलीतून कूलरमध्ये पाणी पडलं. पंप गुरगुरला. पत्र्याची खडखड लागली, त्यावर एकीने आईच्या आवाजात घरादाराला कूलर भरायची पाळी कोणाची ते विचारलं. खडखड वाढत गेली, ताटं आली, मिक्सर आला, बाहेरचा भाजीवाला आला, आणि सगळं टिपेला असताना पाचही जणी एकदम थांबल्या.

साउंडवाला दचकला आणि वायरी तपासत स्टेजकडे धावला. मंडपात दोन सेकंद काहीच नाही. मग मागच्या रांगेतून एक आजी शांतपणे म्हणाल्या, "गेली लाईन." आणि सगळा मंडप उसासला. तोच उसासा, जो आमच्याकडे दर उन्हाळ्यात वीज गेली की घराघरांतून ऐकू येतो. मुली घामेजल्यासारख्या ओढणीने, वहीने वारा घेत बसल्या. पंप पुन्हा गुरगुरला तेव्हा पुढे बसलेली लहान मुलं ओरडली, "आली, आली." हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

पाच मिनिटं वीस सेकंद. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : उत्तम.

यंदाचा फॉर्म नवा आहे. चौथ्या रकान्यात गाण्याचे नाव नाही. तिथे 'काय करणार?' असं छापलं आहे, आणि पाचवा रकाना काढून टाकला आहे. पहिल्या आठवड्यात तीन वर्गांचे फॉर्म आले. एकाचा मिक्सर, एकाचं वॉशिंग मशीन, एकाचा चक्क कूलर. तिन्हींवर मी लाल पेनाने 'रिपीट' लिहिलं; यंत्र वेगळं असलं तरी मुखडा तोच. मग त्या पाच मुली आल्या, आता नववीत. त्यांनाही कूलरच हवा होता, नव्या पत्र्यासह. मी नाही म्हणाले.

"पण मॅडम, तो तर आमचाच होता."

"म्हणूनच," मी म्हणाले.

त्या नाराज होऊन गेल्या. दाराबाहेर जाऊन मला काहीतरी बोलल्याही असतील. काल त्यांचा फॉर्म आला. 'काय करणार?' या रकान्यात लिहिलं आहे : अजून ठरलं नाही, पण करणार.

मी लाल पेन काढलं नाही. फॉर्म रजिस्टरला लावला, पाच मिनिटं लिहिली आणि शेवटची तारीख तेवढी त्यांना पुन्हा सांगून ठेवली.