ते कोपले!

जगात जिथे म्हणून दोन घरं शेजारी-शेजारी उभी आहेत, तिथे आपलं काही ना काही काम आहे, अशी आमच्या बायकोच्या मामांची पक्की समजूत आहे. त्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराच्या नगरपालिकेत, वस्त्यांच्या खात्यात, उभी हयात काढली. कुठल्या गल्लीत गोरे, कुठल्या गल्लीत काळे, कोण राहायला आलं की कोण उठून जातं, याचे नकाशे रंगवायचे. निवृत्त झाले, मामी गेल्या, आणि मामा दर उन्हाळ्यात आमच्याकडे, डचांच्या देशात हूफडॉर्पला यायला लागले. नकाशे तिकडेच राहिले, पण खोड सामानातून आली.

लोक इथे येऊन पवनचक्क्या बघतात. मामा बसच्या शेवटच्या स्टॉपवर उतरून बिल्डिंगांच्या दारावरची नावं वाचतात. इथल्या घरांना रस्त्याकडून मोठाल्या काचा, आणि पडदे नसतात. आपण डोळे खाली घालून पुढे जायचं, ही इथली रीत. मामा थांबतात, आत बघतात आणि चक्क हात हलवतात! बायको कपाळाला हात लावते. "अगं, एवढी काच आणि पडदा नाही, म्हणजे ‘बघा’ असंच म्हणतायत ना?" असं वर तिलाच विचारतात. आमच्या मागच्या बागेत ते कधी बसले नाहीत. खुर्ची पुढच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार, आणि हाताशी चकल्यांचा डबा. सहा वर्षांत मला गल्लीतली जेवढी माणसं माहीत झाली नव्हती, तेवढी त्यांना आठवड्यात माहीत झाली. कुणाचं कुत्रं आजारी आहे हेसुद्धा!

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या डच आजींच्या खिडकीत पाटी लागली : ‘Te koop’. मामांनी विचारलं, हे वाचायचं कसं? म्हटलं, "साधारण ‘ते कोप’. म्हणजे घर विकणे आहे." मामांचा चेहरा खर्रकन उतरला. "गल्लीत आपली घरं किती झाली?"

"चार."

"मग बरोबर. ते कोपले!"

मी हसलो. मामा हसले नाहीत. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. संध्याकाळी थालीपिठाची ताटली घेऊन ते थेट आजींच्या दारात. दीड तासाने परतले ते नाचतच. "गुडघे! अहो जावईबापू, नुसते गुडघे! जिना चढवत नाही म्हणून लेकीकडे नायमेखनला चालल्यात. आपल्यावर राग नाही!" त्या आनंदात त्यांनी स्वतः शिरा केला. साखर जास्त झाली होती, पण सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला.

मागच्या उन्हाळ्यात मात्र नगरपालिकेचं पत्र आलं. गल्लीच्या टोकाला जो मोकळा प्लॉट होता, तिथे निर्वासित कुटुंबांसाठी घरं बांधणार. झालं! आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आग लागली. किमती पडतील, शाळा बिघडेल, ‘तसली’ माणसं येतील. आम्ही सगळे व्हिसावर आलेलो, पण ‘तसली’ लिहिताना कुणाचा हात अडखळला नाही. माझाही नाही. आम्ही नवरा-बायकोने मामांना न सांगता शनिवारी घरांच्या दलालाला बोलावलं.

दार उघडलं नेमकं मामांनी. गोरा-गोमटा पोरगा, हातात मोजपट्टी. मामांना डच शब्द येत होते ते दोनच, आणि त्याने तेच उच्चारले. मामांनी त्याला आत घेतलं, चहा पाजला, चकली दिली. तो गेल्यावर माझ्याकडे वळून इतकंच म्हणाले, "गुडघे दुखतात का हो, जावईबापू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मामा खुर्चीत बसले. "मी तिकडे घर घेतलं तेव्हा समोरच्या गोऱ्यांनी महिन्यात पाटी लावली. फार लागलं होतं मला. पुढे बारा वर्षांनी माझ्या शेजारी एक काळं कुटुंब आलं. तो पोस्टात होता, देवमाणूस. वर्षाच्या आत मीच पाटी लावली. मुलांच्या शाळेचं कारण सांगितलं. दिवसभर ऑफिसात लोकांना सांगायचो, घरं विकू नका, आणि घरी येऊन खोकी भरायचो. लाजेने त्याला भेटायलाही गेलो नाही. जायच्या दिवशी तो आपणहून आला, आणि माझी खोकी ट्रकमध्ये चढवायला लागला."

सोमवारी मी दलालाला नाही म्हणून कळवलं. "मीच कळवणार होते," असं बायको म्हणाली. मी वाद घातला नाही.

आता टोकाच्या इमारतीत माणसं राहायला आली आहेत. मामांना यंदा डॉक्टरांनी विमानाची मनाई केली आहे, दाराशी खुर्ची मांडायला कुणी नाही, आणि खरं सांगतो, करमत नाही. परवा फोनवर विचारत होते, नवीन शेजारी कसे आहेत? काय सांगणार! घर विकलं नाही एवढंच, मी अजून एकाच्याही दारात गेलेलो नाही. "जाईन मामा," म्हटलं.

"लवकर जा हो," मामा म्हणाले. "मला त्या पोस्टवाल्याचं नाव आता आठवत नाही."