कुसुमला घेऊन या

देव सगळीकडे असतो हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो तहसील कचेरीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिथे खेटे घालणारा माणूस देवाला विसरतो, नाहीतर त्याच्याशी भांडतो. मी दोन्ही केलं. म्हणूनच हा अनुभव लिहायला बसले आहे.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. यजमान कारखान्यात कारकून, आमचं क्वार्टर सेक्टर दहामध्ये. माझं माहेर जवळच, दुर्गला. आईवडील दोघंही गेले होते, मी एकुलती एक. वडिलांच्या नावावरच्या लहानशा घरात माझी विधवा आत्या एकटी राहायची. वडिलांमागे घराचा कर कोणी भरला नाही. नोटिसा येत राहिल्या. आत्याला वाचता येत नव्हतं. सरकारी शिक्क्याचा कागद जपून ठेवायचा, एवढं तिला ठाऊक. तिने एकेक नोटीस देवघरात मारुतीच्या तसबिरीमागे ठेवली आणि वर हळदकुंकूही वाहिलं. मला बोलली नाही, कारण दिलेल्या लेकीच्या डोक्याला माहेरचा ताप कशाला, हा तिचा विचार. घराचा लिलाव झाला आणि नवा मालक कुलूप घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा आम्हाला कळलं.

आत्या एक ट्रंक घेऊन माझ्याकडे आली. पण लेकीच्या सासरचं फुकट खायचं नाही, हा तिचा नेम. जेवण झालं की ताटाखाली चार आणे ठेवून उठायची. मी चिडले, रडले, एकदा ती नाणी तिच्या ट्रंकेत परत टाकली, तर त्या संध्याकाळी ती जेवलीच नाही. "पोरीच्या घरचं फुकट कसं खाऊ वो मी? मले पचत नाही," म्हणाली. जवळची चिल्लर संपत आली तशी ती एकाच वेळी जेवू लागली. वर म्हणे, सकाळचं जड झालं. तिच्या हातातल्या पितळी बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, ते पाहून माझा जीव तुटायचा.

यजमानांच्या एका मित्राने सांगितलं की लिलावाच्या रकमेतून थकलेला कर आणि खर्च वजा करून जे उरतं, ते मूळ मालकाचंच असतं. कोणी मागायला आलं नाही, तर नुसतं सरकारात पडून राहतं. वडिलांची वारस मी. ते पैसे मिळाले असते तर आत्याला दुर्गात एखादी खोली घेऊन देता आली असती, तिची चूल पुन्हा तिची झाली असती. मी अर्ज केला.

घोडं अडलं ते नावावर. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि माहेरची कुसुम वैदेही झाली. याची कुठे नोंद करावी असं कोणाच्या मनातही आलं नाही. शाळेचा दाखला कुसुमचा, रेशनकार्ड वैदेहीचं. तहसील कचेरीतले साहेब सज्जन होते. कागद चाळून म्हणाले, "वारिस तो कुसुम है. कुसुम को ले आइए, बहनजी."

मी म्हटलं, मीच कुसुम. ते शांतपणे म्हणाले, "आप तो वैदेही हैं." मग त्यांनीच मार्ग सांगितला. लहानपणापासून ओळखणारा, नात्यात नसलेला एखादा साक्षीदार आणा. आत्या नात्यातली, ती चालेना.

असा माणूस आणायचा कुठून? सेक्टरात सगळेच बाहेरगावचे, कोणी कोणाचं बालपण पाहिलेलं नाही. माहेरच्या गल्लीतले जुने भाडेकरू कधीच पांगले होते. मी विचारत फिरले आणि दर वेळी हात हलवत बसने परत आले. कचेरीच्या आवारात पिंपळाखाली एक छोटा शेंदरी मारुती आहे, त्याच्यापाशी थांबायची. आमचं बोलणं भांडणाचंच. एकदा तर मी त्याला विचारलं, तुझ्याच पाठीमागे नोटिसा ठेवल्या होत्या ना, मग तू तरी वाचायच्या होत्यास.

एके दिवशी साहेब म्हणाले की त्यांची बदली झाली आहे, साक्षीदार नसेल तर अर्ज नामंजूर करून मगच ते जातील. मी बाहेर येऊन मारुतीसमोर बसले. त्या दिवशी भांडायचंही बळ नव्हतं. मनात म्हटलं, मी थकले रे. आत्या तुझी आहे, तिला दोन वेळ जेवू घाल. कसं ते तूच बघ. आणि डोळे मिटून घेतले. गालांवर पाणी ओघळत होतं, पण मन कितीतरी दिवसांनी शांत झालं होतं.

"कुसुमे!"

आत्या सोडली तर त्या नावाने हाक मारणारं मला कोणी उरलं नव्हतं. वळून पाहिलं तर नलूकाकू. पूर्वी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या, माझ्या लग्नानंतर मुलाकडे रायपूरला गेलेल्या, त्यांचा पत्ता कोणाकडेच नव्हता. "कावून रडून राहिली वो पोरी?" त्या म्हणाल्या. "मले मोठ्या पोस्टात जायचं होतं, त्या रिक्षेवाल्यानं इथंच उतरवून देल्लं. त्याच्यासंग भांडूनच राहिली होती, तं तू दिसली. बसायची तऱ्हा अजून तीच, एक पाय पोटाशी!"

मी त्यांच्या गळ्यातच पडले. सगळं ऐकल्यावर काकूंनी पदर खोचला आणि पोस्टाचं काम विसरून माझ्याबरोबर आत आल्या. "साब, इसको मैंने घुटनों पे चलते देखा है. यही है हमारी कुसुम," त्यांनी ठणकावून सांगितलं. त्यांचा जबाब लिहून झाला, सही झाली. साहेब हसून म्हणाले, "लीजिए, मिल गई कुसुम."

कोणी म्हणेल योगायोग. म्हणोत बापडे. रिक्षावाला चुकला, एवढंच मला सांगता येतं, आणि त्या चुकलेल्या माणसाला मी आजही हात जोडते.

पुढे पैसे मिळाले. जुन्या गल्लीच्या मागेच आत्याला ओटा असलेली एक खोली घेतली. एका शनिवारी तिने निरोप धाडला, जेवाले ये. वांग्याची भाजी, भाकरी, वर तिळाची चटणी. ती माझ्यासमोर बसून पोटभर जेवली, मागून भाकरी घेतली. मला मस्करी सुचली. उठताना हळूच ताटाखाली चार आणे सरकवले. तिने ते पाहिले आणि अशी भडकली की बस.

"माहेरी कोणी पैसे ठेवते का वो, कुसुमे?"

मग विधवेने ओटी भरू नये ही रीत बाजूला सारून तिने तांदूळ आणि नारळ घालून माझी ओटी भरली. आई गेल्यापासून ती कोणी भरली नव्हती. मी मारुतीकडे आत्याचं जेवण मागितलं होतं, स्वतःसाठी काही मागायचं सुचलंच नव्हतं. ते त्याने न मागता दिलं. बसमध्ये सेक्टर दहा येईपर्यंत मी ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरून बसले होते.