हळदीचे पाय

यंदाही पोरीला घरीच शिकवणार, असं मी उन्हाळा संपायच्या आधीच गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तरी तयारीला लागले तशी शेजारच्या काकूंना राहवेना. हळदीची पोती बाजारात गेल्यानं रिकामी झालेली खोली मी झाडून काढली आणि फळा म्हणून एका भिंतीला काळा रंग देत होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काहून वं लेकराला घरात कोंडून राहिलीस? शाळेत पहिल्या दिवशी नव्या पोरांचे पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर ठसे घेतेत. फुगे लावतेत. हिच्या नशिबात हाय का त्यातलं काही?"

मला अशी तिडीक आली! ठसेच पाहिजेत ना? मी ब्रश टाकला, परातीत पाणी घेतलं, त्यात घरची मूठभर हळद कालवली आणि पोरीला म्हटलं, "दे पाय."

तिनं दोन्ही पाय बुडवले. पण मी कागद अंथरेपर्यंत ती थांबते कशाला! काकूंच्या हाताखालून सटकली, त्यांच्या ओट्यावर चढली, उतरली आणि ओल्या पायांनी गल्लीतून थेट वावराकडं पळत सुटली.

काकूंच्या नुकत्याच धुतलेल्या फरशीवर पिवळीजर्द पावलं उमटली. त्या फडकं आणायला निघाल्या.

मी म्हटलं, "राहू द्या, काकू. कोंडलेल्या लेकराचे पाय हायेत ते. गावाला दिसू द्या."