उसात शिरलेली घुंगरं

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी झाडलोट करायला गेले, तर आमच्या रिकाम्या गोठ्यात गव्हाणीमागं एक कुत्री बसलेली. रात्रभरच्या फटाक्यांना भिऊन कुठून तरी पळत आली असावी. विटकरी रंग, एक कान फाटका, गळ्यात चावून तोडलेला सुंभाचा तुकडा. मी भाकरी टाकली, तर भाकरीकडं न बघता ती माझ्या हाताकडं बघत राहिली. आजवर माणसांच्या हातांतून तिला काय काय मिळालं असेल, कोण जाणे.

आमचं घर फलटणच्या अलीकडं, रस्त्याला लागून. मागं दीड एकर ऊस. मुलगा नोकरीला सांगलीत, सूनही तिकडंच, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. नवरा फौजेतून हवालदार होऊन परत आला आणि गाव त्यांना हवालदारच म्हणतं. मनातल्या मनात मीही तेच म्हणते. त्यांचा आवाज कवायतीच्या मैदानासाठी बनवलेला आहे. चहा मागितला तरी शेजारीण दचकते. एरवी मात्र माणूस मुखदुर्बळ. मुलगा झाला तेव्हा मी हौसेनं चार पानी पत्र धाडलं होतं. उत्तर आलं, 'पत्र मिळाले. दोघांनी तब्येतीस जपावे.' बस्स. ते पत्र मी इतकी वर्षं मनात धरून होते, हे कबूल करते.

तर हवालदारांनी कुत्रीला शिस्त लावायचं मनावर घेतलं. सकाळी अर्ध्या चड्डीत गोठ्यासमोर उभे राहून, "इधर आओ! बैठ!" कुत्रीला हिंदी येत नव्हती, आणि येत असती तरी ती आली नसती. तिनं जागेवरच मुतून दिलं.

"आवं, किती वरडताय! मरंल ती भिऊन," मी म्हणाले.

"खातो का काय मी तिला?" हेही ते ओरडूनच म्हणाले.

शेवटी मी एकटी तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात गेले. कुत्री घरी आणि बाई दवाखान्यात, म्हणून बाहेर म्हशी घेऊन बसलेले लोक हसले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तिच्याकडे बघू नका. हाक मारू नका. तिच्याकडे पाठ करून बसा, आपलं काम करत राहा आणि हळू आवाजात काहीही बोला. तिला वाटेल तेव्हा ती येईल. आली तरी लगेच वळून बघू नका."

घरी येऊन सांगितलं, तर हवालदार म्हणाले, "म्हंजी आपल्याच घरात चोरावानी बसायचं व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

रोज दुपारी मी सूप घेऊन गोठ्यात बसू लागले. पाठीमागं कुत्री, मांडीवर तांदूळ. तिला काय वाटेल ते सांगायचे: भाजीचं, सुनेचं, माझ्या गुडघ्याचं. इतकं ऐकून घेणारं मला आयुष्यात कुणी मिळालं नव्हतं. आठव्या दिवशी माझ्या कोपराला ओलं नाक लागलं. मी वळले नाही, पण डोळे भरून आले. महिन्याभरात ती हातातून भाकरी खाऊ लागली.

आणि मग माझीच अक्कल गहाण पडली.

माझ्या माहेरी नवं वासरू घरचं झालं की त्याच्या गळ्यात घुंगरू बांधायची रीत. बेंदराच्या सणाला वडील स्वतः बांधायचे. त्याशिवाय जनावराला घर आपलं वाटत नाही, असं ते म्हणत. आमची बैलजोडी ट्रॅक्टर आल्यावर विकली, पण तिची घुंगरमाळ गोठ्यात खुंटीला तशीच होती. मी त्यातली तीन घुंगरं काढली, तांबड्या दोऱ्यात ओवली आणि मोठ्या कौतुकानं कुत्रीच्या गळ्यात बांधली.

तिनं एक पाऊल टाकलं. छन्. तिनं मागं बघितलं. दुसरं पाऊल, पुन्हा छन्. मग ती जी सुटली, ती अंगण, बांध ओलांडून थेट उसात. ती जितकी पळे तितका आवाज तिच्या मागं लागे. बैलाला जे भूषण, ते त्या बिचारीच्या मागं लागलेलं भूत झालं. मी तिथंच कपाळावर हात मारून घेतला.

दोन दिवस ती बाहेर आली नाही. ऊस पुरुषभर उंच, आत शिरलं की पानं अंग कापतात. मी बांधावर बसून बोलत राहिले, बोलता बोलता रडत राहिले, आणि माझा घसा पार बसला. हवालदार चारी बाजूंनी फिरून "ए, यू यू! बाहेर ये!" म्हणून हाका मारायचे. प्रत्येक हाकेला घुंगरं आणखी लांब जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा फोन आला. उद्या सकाळी आमच्या उसाला तोड. एरवी आम्ही पेढे वाटले असते, कारण महिनाभर त्याचीच वाट बघत होतो. पण माझ्या डोळ्यांपुढं रस्ता आला. सकाळी कोयते घेऊन माणसं शिरणार, ट्रॅक्टर येणार, त्यावर कर्णे लावून गाणी वाजणार. कुत्री घाबरून बाहेर पडणार ती रस्त्यावरच, आणि हंगामात आमच्या रस्त्यावर कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या जोडट्रॉल्यांची रांग तुटत नाही.

"आवं, चाकाखाली जाईल ती," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझ्यामुळं जाईल."

चार वाजता हवालदार स्वतःहून माझ्या शेजारी बांधावर येऊन बसले, उसाकडं पाठ करून. माझ्या बसलेल्या घशातून आता नीट आवाजच निघत नव्हता. मी त्यांना म्हणाले, "आता तुमीच बोला. हळू."

"काय बोलू?"

"कायबी. तिला सांगा."

मी कधीही न ऐकलेल्या हळू आवाजात ते म्हणाले, "भरती झालो तवा मीबी असाच लपलो होतो बघ. दुसऱ्याच दिवशी. लंगरखान्यामागं, लाकडांच्या ढिगाआड. लय भ्या वाटत हुतं. कवायत घेणारा उस्ताद शोधत फिरत होता."

मागं एकदाच छन् वाजलं.

"तितला आचारी लाकडं न्यायला आला. त्यानं मला बघितलं. पण कुणाला हाक मारली न्हाई, मला कायबी इचारलं न्हाई. मगभर चा ठिवला आन् पाठ करून लाकडं फोडत बसला. चा संपला तवा मी आपसूक उठलो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. मला वळून त्यांच्याकडं बघावंसं वाटलं, पण मी जमिनीकडं बघत राहिले. घुंगरं एकेक करून जवळ येत होती. हवालदार बोलतच होते: त्या आचाऱ्याबद्दल, चहात घातलेल्या जादा साखरेबद्दल. मग पाचट करकरलं आणि आमच्या दोघांच्या मधे ती येऊन बसली, पोट खपाटीला गेलेलं, अंगभर पानांचे ओरखडे. हवालदारांनी एका हातानं भाकरी धरली आणि दुसऱ्यानं दोऱ्याची गाठ सोडवली.

दुसऱ्या दिवशी तोड चालू असताना आम्ही तिला आतल्या खोलीत ठेवलं. बाहेर गाणी दणदणत होती, ती थरथरत होती, आणि हवालदार दाराला टेकून तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. स्वतःचा ऊस भरला जात असताना ते फडात एकदाही गेले नाहीत. टोळीवाले विचारत होते, "हवालदार आजारी हायत का?"

घुंगरं परत माळेत ओवून मी खुंटीला लावली. कुत्री आता गोठ्याच्या दारात बसते. ट्रॅक्टर आला की अजून अंग चोरते, पण पळत नाही, हवालदारांच्या पायाशी येते. संध्याकाळी ते तिच्याजवळ बसून बोलतात. मीही सूप घेऊन थोडी लांब, पाठ करून बसते. काही विचारत नाही.

परवा ते तिला म्हणाले, "पोरगं झाल्यालं पत्र मला वीस दिसांनी घावलं. बरफात हुतो आमी. चार पानं हुती. रोज वाचायचो. उत्तर लिवायला बसलो की रडू यायचं, कागद भिजायचा. शेवटी दोनच वळी लिवल्या."

माझे हात सुपात थांबले. मी वळून बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं.