पूजेच्या ताटात राहिलेली खीळ

माझे यजमान गेल्यावर तीन वर्षं मी खंडोबाशी अबोला धरला होता. दिवा रोज लागत होता, रविवारी टाकांवर भंडारा पडत होता, त्यात कधी खंड पडला नाही. पण बोलणं बंद. भांडण झालेली सून सासूला वेळच्या वेळी वाढते आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही, तसा आमचा व्यवहार चालला होता. धडधाकट माणूस, तळोज्याच्या कारखान्यातून पाळी संपवून घरी आला, चहा मागितला आणि चहा होईपर्यंत गेला. एवढं झाल्यावर देवाशी बोलायचं तरी काय, असं मला वाटे. स्वभाव माझा पहिल्यापासून तिरसट. रुसले की लवकर निघत नाही.

मागे राहिली ती बानू. बानू म्हणजे आमची पांढरी घोडी. यजमान नोकरी सांभाळून ती वरातींना द्यायचे. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, कुलदैवत खंडोबा, आणि त्या देवाला दोन बायका, म्हाळसा आणि बानू. त्यामुळे घोडी आणली त्या दिवसापासून यजमानांचं ठरलेलं वाक्य होतं, की घरात म्हाळसा आणि तबेल्यात बानू. लोक हसायचे. मी हसायचे नाही, कारण म्हाळसेसारखा माझाही बानूवर राग होता. त्यांचा अर्धा जीव तिच्यात होता. पुढे ते गेले आणि सवत माझ्याच गळ्यात पडली. तिला दाणावैरण करता करता, खरारा करता करता राग कधी निवळला ते कळलंही नाही. आमच्या दोघींचं दुःख एकच होतं, हे बहुधा तिला माझ्या आधी समजलं.

गावोगावच्या यात्रांत घोड्यांच्या चालीच्या स्पर्धा होतात. स्वाराच्या हातात पाण्याने भरलेला पेला देतात, घोडं भरभर चालवायचं आणि पाणी सांडू द्यायचं नाही. बानूची चाल अशी सपाट, की तिच्या पाठीवर बसून माणूस डुलकी काढील. यजमान दर उन्हाळ्यात तिला स्पर्धांना न्यायचे. त्यासाठी त्यांनी कळंबोलीच्या एका वेल्डरकडून जुन्या ट्रकच्या सांगाड्यावर चारी बाजूंनी बंद असा ट्रेलर बनवून घेतला होता आणि तो ते आमच्या जुन्या जीपला जोडत. मलाही त्यांनीच जीप शिकवली. त्या काळी कामोठ्यात माणसांपेक्षा डास जास्त होते. आखलेले रस्ते तयार आणि इमारतींचा पत्ता नाही. त्या मोकळ्या रस्त्यांवर मी जीप चालवायला शिकले, ट्रेलर मागे घ्यायला शिकले, आणि पहाटे कोणी बघत नसताना पंजाबी ड्रेस घालून बानूवर बसायलाही शिकले. यजमान म्हणायचे, एकदा तुलाच स्पर्धेत उतरवतो. ते राहून गेलं.

त्यांची एक सवय इथे सांगायला हवी. जीपला ट्रेलर जोडून झाला की ते सगळ्याभोवती एक फेरी मारायचे. चाक, कडी, दार, पिन, जे जे येईल त्याला हात लावायचे आणि प्रत्येक ठिकाणी ‘येळकोट’ म्हणायचे. मी ते निव्वळ भक्तीचं समजायचे. देवाशी अबोला धरल्यावर मी ती फेरी सोडून दिली, यात नवल नाही.

तिसऱ्या वर्षी वैशाखात पुण्याच्या पुढच्या एका गावची यात्रा आली आणि मी ठरवलं, या वेळी बानूला घेऊन आपणच जायचं. एकटीने. दिघ्याला राहणारे माझे दीर हे ऐकून आदल्या दिवशीच येऊन बसले. माणूस वाईट नाही, पण भावाच्या मागे माझी जबाबदारी आपल्यावर आहे असं त्यांना फार वाटायचं. बाईमाणसाने घोडी घेऊन घाट चढायचा म्हणजे काय, वाटेत काही झालं तर कोण आहे, लोक काय म्हणतील. शेवटी मीच तिरमिरीत बोलून गेले, की भाऊजी, या फेरीत जरा जरी काही वाकडं झालं तर परत आल्याबरोबर घोडी विकते. ते लगेच म्हणाले, गिऱ्हाईक माझ्याकडे तयार आहे. रात्रभर मला त्या बोलण्याचा पश्चात्ताप होत राहिला, पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

सकाळी मग मी चंगच बांधला. भाऊजींना आणि बघायला जमलेल्या शेजारणींना दिसू दे की कशात काही कमी नाही. जीप धुतली, ट्रेलर धुतला. दोन्ही जिथे जोडतात तिथे अंगठ्यापेक्षा जाड अशी मोठी पिन वरून घालतात, आणि ती उडून वर येऊ नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला बोटाएवढी एक खीळ आडवी बसवतात. ती खीळ ग्रीसने काळी झाली होती. दसऱ्याला हत्यारं घासूनपुसून पूजतो तशी मी ती काढली, चिंच लावून लख्ख घासली, पूजेच्या ताटात ठेवून हळदकुंकू वाहिलं. सगळ्या गाडीला भंडारा लावला. नारळ फोडला. झेंडूचा मोठा हार त्या जोडावरच गुंडाळून बांधला. खरं सांगायचं तर ती पूजा देवासाठी नव्हतीच, भाऊजींसाठी होती. त्यांनी निघता निघता पुन्हा गिऱ्हाइकाचा विषय काढला, माझं डोकं फिरलं, मी ताट शेजारणीच्या हातात देऊन देवघरात ठेवायला सांगितलं आणि जीप चालू केली. खीळ ताटातच राहिली. हार इतका भरगच्च होता की ती जागेवर नाही हे कोणाला दिसणंही शक्य नव्हतं.

पनवेल गेलं, खोपोली गेली, घाट सुरू झाला. मी मनातून खूश होते. बानू मागे शांत उभी होती आणि मला वाटत होतं, बघा, जमतं आहे, कोणाची गरज नाही. घाटात मध्यावर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते ठाणं, आणि तिथे नाणं वाहिल्याशिवाय ड्रायव्हर पुढे जात नाही. बहुतेक जण चालत्या गाडीतूनच टाकतात. मी देवाशी बोलत नव्हते, पण रस्त्याचा रिवाज मोडायची हिंमतही नव्हती. पुढे भरलेला ट्रक रांगत होता, त्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये मीही रांगत होते. एक रुपयाचं नाणं घेतलं आणि न बघता देवळाच्या दिशेने फेकलं.

ते देवापर्यंत पोचलंच नाही. देवळाच्या अलीकडे चार काठ्यांवर ताडपत्री ताणून एक म्हातारी करवंदं विकत बसली होती, तिच्या टोपलीत जाऊन पडलं. म्हातारी उठली ती थेट जीपच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, हातात ते नाणं धरून. मी करकचून ब्रेक दाबला. अंगाने काटकुळी, पण नजर अशी की मला शाळेतल्या बाई आठवल्या.

“गो बाय, देवाला असा फेकून देतात?” ती म्हणाली. “कुत्र्याला भाकर टाकताना पन माणूस घडीभर थांबतो. उतर. हातानी वाहा.”

एरवी मी तिला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मुकाट्याने गाडी कडेला घेतली. चढावर थांबायचं म्हणून म्हातारीने न सांगता ट्रेलरच्या चाकांमागे दगड लावले. नाणं घेऊन मी देवळाकडे निघाले आणि जाता जाता सहज जोडाकडे नजर गेली. हाराची फुलं वाऱ्याने बरीचशी झडली होती. पिन जवळजवळ सगळी वर आली होती. खाली जेमतेम नखाएवढं टोक अडकलेलं होतं आणि वरच्या डोक्याला हाराचा दोरा गुंडाळलेला होता. खिळीच्या जागी नुसतं भोक.

पुढचं वळण घाटातलं सगळ्यात उभं. त्या वळणावर एक धक्का बसला असता तर ट्रेलर सुटून बानूसकट मागे गेला असता, आणि मागे ट्रकांची रांग होती. मी तिथेच खडीवर बसले आणि रडले. यजमान गेले तेव्हा लोकांसमोर रडले नव्हते इतकी त्या अनोळखी म्हातारीसमोर रडले. मला पूजेचं ताट दिसत होतं आणि त्यातली ती लख्ख खीळ.

म्हातारीने मला पाणी दिलं, पण रडू दिलं फार वेळ नाही. काय हरवलंय ते विचारलं. मी भोक दाखवलं. तिने टोपलीकडे जाऊन ताडपत्रीची एक लोखंडी खुंटी दगडाने ठोकून ठोकून उपटली आणि माझ्या हातात दिली. तिचं डोक्यावरचं छप्पर एका बाजूने खाली आलं. वैशाखाचं ऊन, मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, माझ्या करवंदांना काय व्हायचंय, तुझं जनावर सांभाळ. मी जीप वीतभर मागे घेतली, ताण सुटला, पिन खाली बसली. खुंटी भोकात घालून तिचं टोक आम्ही दोघींनी दगडाने वाकवलं. मग मी देवळात गेले, नाणं हाताने वाहिलं, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा देवाशी बोलले. फार काही नाही. एवढंच म्हणाले, की माझं चुकलं, आता पुढे तू ने.

निघण्याआधी मी गाडीभोवती फेरी मारली. चाकाला हात लावला, येळकोट. कडीला हात लावला, येळकोट. दाराला, पिनेला. आणि तेव्हा लक्षात आलं की यजमानांची ती फेरी म्हणजे गाडीची तपासणी होती. नाव देवाचं घ्यायचे आणि हात खिळीला लावायचे. मी देवावर रुसले आणि तपासणीही टाकून दिली. पूजा मात्र अशी थाटात केली की फुलांखाली भोक झाकलं गेलं.

स्पर्धेचं काय झालं हे सगळे आधी विचारतात. स्वारांत मी एकटीच बाई होते. लोकांनी टक लावून पाहिलं, पाहू दिलं. पेल्यातलं थोडं पाणी सांडलं, ते बानूमुळे नाही, पेला धरायची माझ्या हाताला सवय नव्हती म्हणून. तरी तिसरा नंबर आला. बक्षिसात नारळ आणि गुलाबी फेटा होता. बाईच्या डोक्याला फेटा बांधायचा की नाही यावर पंचांची बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी त्यांनी तो घडी करून माझ्या हातात दिला.

असे अनुभव सांगणारे बहुतेक जण म्हणतात की मदत करणारं माणूस परत कधी दिसलं नाही. मला मात्र म्हातारी परत दिसली. उतरताना, त्याच जागी, तिरक्या ताडपत्रीखाली. पुण्यात मी जोडासाठी नवी खीळ घेतली होती. तिची खुंटी सरळ करून आणली होती, ती परत दिली. फेटाही दिला. तिने तो लगेच उन्हासाठी डोक्याला गुंडाळला आणि विचारलं, घोडी जिंकली का. मी म्हटलं, तिसरी आली. पानाच्या द्रोणात करवंदं भरून देत ती म्हणाली, “मग पुढल्या साली ये. पन थांबून जा.”

घरी भाऊजी वाट बघत होते. गाडी धड, घोडी धड, हातात नारळ. मी गप्प बसले असते तर कोणाला काहीच कळलं नसतं आणि घोडी विकायचीही वेळ आली नसती. पण देवाने हातात दिलेलं खोटेपणाने कसं ठेवून घ्यायचं? मी देवघरातून ताट आणलं. सुकलेल्या फुलांखाली खीळ होती, कुंकू तसंच. ती त्यांच्या हातात ठेवली आणि घाटातलं सगळं, माझ्या पूजेच्या थाटासकट, सांगून टाकलं. शब्द दिला होता, आता तुम्ही म्हणाल ते, असंही म्हटलं.

भाऊजींनी ती खीळ उलटीसुलटी करून बराच वेळ पाहिली. आपला भाऊ गाडीभोवती फेरी मारायचा ते त्यांनाही आठवलं असावं, कारण त्यांचे डोळे भरून आले होते. मग म्हणाले, “वहिनी, अशा आणखी दोन घेऊन ठेवा. घाटात उपयोगी पडतात.”

गिऱ्हाइकाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. त्यानंतर कितीतरी यात्रा मी एकटीने केल्या. झेंडूच्या दोऱ्याने लोखंड धरून ठेवता येत नाही, इतकं मला कळतं. नाणं करवंदांत पडलं ते माझा नेम चुकला म्हणून, हेही कळतं. देवाने काय केलं आणि काय नाही, याचा निवाडा मी करत बसत नाही. रुसलेल्या माणसालाही तो वाऱ्यावर सोडत नाही, एवढा अनुभव मला पुरला. सगळं त्याच्यावर सोपवायचं म्हणजे हात जोडून बसायचं असं मला वाटायचं. आता वाटतं, हात खिळीवर ठेवायचा, नाव त्याचं घ्यायचं, आणि मग गाडी सोडायची.

घासलेली ती खीळ मी जोडाला परत लावली नाही. ती देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी असते. रविवारी टाकांवर भंडारा वाहते तेव्हा चिमूटभर तिच्यावरही वाहते, आणि देवाशी दिवसभराचं सगळं बोलते.