व्हर्नाची एकेचाळीस उदाहरणं

त्या वर्गाची आठवण निघाली की मी अजून विषय बदलतो. आमच्या विस्कॉन्सिनमधला कागद कारखाना बंद पडला आणि आम्हा पन्नाशीतल्या बारा जणांना सरकारने कॉम्प्युटरची पायथन भाषा शिकायला बसवलं. चार महिने, साठ उदाहरणं. साठही सुटली तर सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असेल तरच हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी.

व्हर्ना झब्लेव्स्कीला ती नोकरी हवीच होती. नाहीतर घर विकून लेकीकडे अ‍ॅरिझोनाला जाऊन राहायचं, आणि तिथे जावयाला ती डोळ्यासमोर नको असे. कारखान्यात सत्तावीस वर्षं ती माझ्याच यंत्रावर होती. यंत्र अडलं की प्रत्येकाने त्याचा खटका बंद करून त्याला आपलं कुलूप लावायचं आणि का अडलं ते कळेपर्यंत काढायचं नाही, हा तिथला नियम. तो तिच्या अंगात मुरलेला. पडद्यावर चुकीची लाल ओळ आली की व्हर्ना हात मांडीवर घ्यायची, मग पहिल्या ओळीपासून सगळं वहीत उतरवून तपासत बसायची. राहून गेलेल्या एका कंसापायी अख्खी दुपार जायची.

"अहो, चालवून बघा ना," आमचा पंचविशीतला मास्तर ब्रॅडी वैतागायचा. "चुकलं तर चुकलं. इथे काय कुणाचं बोट तुटतंय?"

"तू पाहिलेली नाहीस बाबा तुटलेली बोटं," व्हर्ना म्हणायची.

आम्ही बाकीचे इंटरनेटवरची तयार उत्तरं चिकटवत होतो. ब्रॅडीला ठाऊक होतं. पास झालेल्यांचा आकडा वर पाठवायचा असल्यामुळे ती कुठे मिळतात हे तोच सांगायचा. याला म्हणे शिकवणं. थू.

शेवटच्या आठवड्यात व्हर्नाची एकेचाळीस झाली होती. मी माझी साठ तिच्यापुढे ठेवली.

"घे, उतरव. कोण विचारतंय?"

तिने एक उघडलं. "हे कसं चालतं ते सांग, मग घेते."

मला सांगता येईना. तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

अकरा जणांना सर्टिफिकेटं मिळाली. नोकरी मला मिळाली.

दुसऱ्याच आठवड्यात पेशंटांच्या जेवणाची यादी काढणारा प्रोग्राम अडला. संडासात शिरून मी व्हर्नाला पडद्याचे फोटो पाठवले आणि फोन लावला. ती सुपरमार्केटात चीज कापायच्या कामाला होती, जेवणाच्या सुट्टीत होती. सँडविच खाता खाता तिने चूक दाखवली. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी माझा फोन जातो. परवा तीच म्हणाली, "घराला गिऱ्हाईक आलंय रे. तुमच्याकडे अजून एक जागा निघालीय म्हणतात. सर्टिफिकेट नसलं तरी घेतील का, विचारशील?"

"विचारतो की," मी म्हणालो.

विचारलेलं नाही. ती इथे आली तर माझं काम कोण करतं, ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळेल.